टॉलस्टॉय फार्म : ऋतुचक्र आणि तुरुंगाच्या मुदती

दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मकडे अभ्यासक बहुधा गांधीजींच्या आध्यात्मिक प्रयोगांतील एक प्रकरण म्हणून पाहतात. ही दृष्टी सर्वस्वी चुकीची नव्हे. परंतु तिच्यामुळे या वसाहतीच्या जन्माचे साधे, व्यावहारिक कारण झाकले जाते. ट्रान्सवालमधील सत्याग्रही तुरुंगात गेले, की त्यांच्या कुटुंबीयांना दरमहा रोख मदत द्यावी लागे. लढा किती काळ चालेल हे सांगता येत नव्हते आणि निधी तर मर्यादित होता. सर्वांना एकत्र ठेवून एकच स्वयंपाकघर चालविणे हा त्यावरील उपाय होय. हेरमान कालेनबाख या वास्तुविशारद मित्राने जोहान्सबर्गपासून २१ मैलांवरील सुमारे १,१०० एकरांची आपली जमीन १९१० च्या मे महिन्यात त्यासाठी विनाभाडे दिली.

त्या गोलार्धात तेव्हा हिवाळा होता. मंडळी तंबूंत राहिली आणि सुमारे दोन महिन्यांत त्यांनी पत्र्याची घरे उभी केली. स्त्रिया व पुरुष यांची निवासस्थाने निराळी होती. पाणी झऱ्यावरून, सुमारे ५०० यार्डांवरून, कावडीने आणावे लागे. मैला व केरकचरा चरांत पुरून त्याचे खत करीत. खासगी कामासाठी जोहान्सबर्गला जाणाऱ्याने पायीच जावे, असा दंडक होता. कालेनबाख मारियनहिल येथील ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला बनविण्यास शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी आणि त्यांच्याकडून इतर जण ती कला शिकले. सुतारकामही असेच वाढले. संत्री, जर्दाळू व अलुबुखार यांच्या हंगामात पोटभर खाऊनही फळे उरत. ही सुमारे हजार झाडे मात्र वसाहतीपूर्वीचीच होती, हे विसरता कामा नये. लागवड करून तिच्या फळाची वाट पाहण्याइतके स्थैर्य या वस्तीला कधी लाभलेच नाही. माणसे येत ती सुटका झाली म्हणून, आणि जात ती पुन्हा अटक करवून घेण्यासाठी. येथील खरे पंचांग ऋतूंचे नव्हते, शिक्षेच्या मुदतींचे होते. गांधीजींनीच दिलेली संख्या पाहावी : सुमारे चाळीस तरुण, दोन-तीन वृद्ध, पाच स्त्रिया आणि वीस-तीस मुले. कुटुंबांसाठी स्थापिलेल्या वस्तीत स्त्रिया केवळ पाच!

१९१२ च्या दौऱ्यात गोखले येथे आले. स्थानकावरून पायी येताना पाऊस लागला आणि आधीच नाजूक असलेली त्यांची प्रकृती बिघडली. त्यांच्यासाठी मुद्दाम एक खाट आणविली होती. परंतु इतर सर्व जण जमिनीवर निजतात हे कळताच त्यांनी ती दूर करविली व आपले अंथरूण खाली घालविले. सर्वांना सारखे कष्ट, हा नियम आजारी पाहुण्याला लावण्यात आपली चूक झाली, ही खंत गांधीजींनी पुढे नमूद केली आहे. ज्या ग्रंथात ती आहे, त्याच्या कथनास १९२३ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात प्रारंभ झाला. म्हणजे हे सारे दशकभरानंतरच्या स्मरणातून आलेले आहे, आणि त्यातील आकडे त्या बेतानेच वाचावेत.

१९११ च्या मे महिन्यात स्मट्स यांच्याशी तात्पुरती तडजोड झाली होती. तेव्हापासूनच वस्ती विरळ होत गेली, कारण तुरुंग थांबताच एकत्र राहण्याचे निमित्तही सरले. राहिलेली थोडी मंडळी १९१३ च्या जानेवारीत नाताळमधील फिनिक्स येथे गेली.