ईडनकाठची सनद

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील फाइफ परगण्यातून, शेते, कुरणे आणि लहानसहान खेडी मागे टाकीत ईडन नदी जेथे सागरास मिळते, तेथे तिचे विस्तीर्ण मुख आणि सेंट अँड्र्यूज हे प्राचीन नगर यांच्या दरम्यान वाळूच्या उंचवट्यांची व आखूड गवताची एक पट्टी पसरली आहे. गोल्फच्या इतिहासातील सर्वांत वंदनीय असे हे ‘ओल्ड कोर्स’ मैदान नगराच्या वेशीपासून निघून नदीमुखापर्यंत जाते आणि ईडनचे पाणी दृष्टीस पडताच वळसा घेऊन पुन्हा नगराकडे फिरते. नांगराला निरुपयोगी अशी ही जमीन गावाने मेंढ्या चारण्यास, कपडे वाळविण्यास आणि खेळण्यास वापरावी, हा तेथील जुना परिपाठ होता.

खेळाचे वेड इतके वाढले की, धनुर्विद्येचा सराव मागे पडतो म्हणून राजा दुसरा जेम्स याच्या कारकिर्दीत, १४५७ साली, गोल्फला कायद्याने मनाई करण्यात आली. परंतु मनाई विरली आणि खेळ उरला. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने दिलेल्या सनदेत या भूमीवर गोल्फ व फुटबॉल खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क मान्य झाला आणि त्याच्या मोबदल्यात तेथे ससे पाळण्याची मुभा आर्चबिशपला मिळाली. या सशांनी पुढे अडीच शतकांनी मोठाच अनर्थ मांडला. कर्जात बुडालेल्या नगरसभेने १७९७ साली ही मिळकत हातची घालविली. ससेपालन करणाऱ्या व्यापाऱ्यांनी तिचा ताबा घेतला. बिळांनी मैदान पोखरले गेले आणि वहिवाट मोठी की खरेदीखत, हा कज्जा न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. अखेर १८२१ साली शेजारचे जमीनदार जेम्स चीप यांनी ती जमीन विकत घेतली व खेळ वाचविला. १८९४ साली पार्लमेंटच्या कायद्यान्वये ती नगराकडे परत आली.

याच मैदानावर १७६४ साली आरंभीच्या चार होलांचे दोन करण्यात आले, तेव्हा जाता-येता मिळून बावीस होलांचा खेळ अठरांवर आला आणि हीच संख्या कालांतराने जगभर प्रमाण ठरली. तथापि खेळाच्या नियमांहून मोलाचा असा येथील वारसा आहे तो गावकीच्या हक्काचा. आजही सामान्यतः रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि ज्या गवतावर उरलेले सहा दिवस नामांकित खेळाडू तोलून पावले टाकतात, त्यावर आबालवृद्ध नगरवासी कुत्र्यांसह मोकळेपणाने हिंडतात.

हा खेळ १८२९ साली कलकत्त्यास आणि १८४२ साली मुंबईस पोहोचला. मुंबईच्या खेळाडूंनी सेंट अँड्र्यूजच्या क्लबाला एक रौप्यपदकही अर्पण केले. पण गोऱ्या अंमलदारांनी इकडे आणला तो चेंडू, काठ्या आणि नियम. गायरानावर गावाचा हक्क सांगणारी सनद त्यांनी बरोबर आणली नाही. आपल्याकडे गोल्फ म्हणजे कुंपणाआडची श्रीमंती असा जो समज रूढ झाला, त्याचे मूळ खेळाच्या स्वभावात नसून ज्या छावणी-क्लबांच्या व्यवस्थेत तो येथे रुजला, तिच्यात शोधावे लागेल.