आबालाल मास्तरांचा वारसा कोणाचा?

कोल्हापूरला 'कलापूर' म्हणतात. त्याची साक्ष देताना बाबूराव पेंटर, भालजी पेंढारकर ही नावे सहज ओठांवर येतात. पण बाबूराव पेंटरांच्याही आधीच्या पिढीत इथल्या चित्रकलेला नवी नजर देणारा कलावंत एका मुस्लिम घरात जन्मला, हे आपल्या मोहल्ल्यांत कितीजणांना ठाऊक आहे? अब्दुल अझीझ हे त्यांचे नाव. कोल्हापूरकरांनी मात्र त्यांना 'आबालाल' केले, आणि इतिहासातही ते आबालाल रहिमान म्हणूनच राहिले.

त्यांची चित्रे पाहायची तर टाऊन हॉल संग्रहालयात जावे. १८७० च्या दशकात उभी राहिलेली ही इमारत दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगपासून चालत काही मिनिटांवर आहे. १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू इथे ठेवल्या आहेत. आम्ही उर्दू शाळेतील मुलांना घेऊन गेलो, तेव्हा मुले आधी तलवारी आणि तोफांकडेच धावली. चित्रांपाशी आणून नाव वाचायला सांगितल्यावर एक मुलगा थबकला आणि म्हणाला, "सर, हे आपल्यातले?" मागोमाग दुसऱ्याचा प्रश्न आला, "पण चित्र काढणं आपल्यात चालतं का?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आबालालांच्या चरित्रात शोधता येतात. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती सजवण्याची परंपरा होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अक्षरांभोवतीची वेलबुट्टी काढायला जो संयम लागतो, तो त्यांना घरातच मिळाला. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीची तालीम घेतली. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. राहिला चालते-न चालतेचा प्रश्न. सजीवांच्या चित्रांबद्दल उलेमांत मतभेद आहेत; पण झाडे, पाणी, डोंगर रेखाटण्याला मुभा असल्याचे हजरत इब्ने अब्बास यांच्या रिवायतीच्या आधारे सांगितले जाते. आबालालांनी दरबारासाठी माणसांची चित्रेही काढली, परंतु त्यांचे मन रमले ते निसर्गात.

रंकाळा, त्यातला संध्यामठ, पंचगंगेचा घाट, कोटीतीर्थ ही त्यांची ठिकाणे. त्या काळी राजेरजवाड्यांच्या आणि देवादिकांच्या चित्रांना मान होता. निसर्ग असलाच तर पाठीमागच्या पडद्यापुरता. आबालालांनी तो पुढे आणला. ऊन, ढग, पाण्यावरची तिरीप हाच त्यांच्या चित्राचा विषय झाला. जलरंगात उजेड दाखवायचा तर कागदाचा पांढरेपणा राखावा लागतो; एकदा रंग चढला की तो उजेड परत आणणे कठीण. म्हणून हात लावण्यापूर्वी पुष्कळ पाहावे लागते. हे पाहणे हीच त्यांची आधुनिकता होती. ज्या मातीशी आपले नाते किती, असे आपल्याला अधूनमधून विचारले जाते, ती माती एका अब्दुल अझीझने इतक्या बारकाईने पाहिली आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी आणि बोर्डिंग उभे करणारे महाराज ते हेच. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. आकडे हजारांत सांगितले जातात. आकड्यावर वाद घालता येईल; पण हयातभर काम करणाऱ्या या कलावंताची आज मोजकीच चित्रे उरली आहेत, हे मात्र खरे. फकिरी वृत्तीने जगलेले आबालाल मास्तर २८ डिसेंबर १९३१ रोजी वारले.

जे उरले, ते कोणीतरी जपले म्हणून उरले. हा धडा केवळ चित्रांपुरता नाही. आपल्या घरांतल्या जुन्या पेट्यांत हाताने लिहिलेले कुराणाचे जुज, फारसी बयाजा, मोडीतल्या सनदा, आजोबांचे शाळेचे दाखले असतात. कागद जीर्ण झाला की आपण तो अदबीने दफन करतो किंवा वाहत्या पाण्यात सोडतो. त्यामागची भावना पाक आहे. मात्र त्याआधी तो एखाद्या जाणकाराला, संग्रहालयाला किंवा विद्यापीठाला दाखवायला काय हरकत आहे? त्या पानांवर एखाद्या अनाम कातिबाचा हात असेल, आणि त्याच्या वेलबुट्टीत उद्याच्या आबालालची सुरुवात असेल.

आमच्या इतिहासाच्या पुस्तकात आबालालांवर धडा नाही, ही तक्रार रास्त आहे. पण धडा छापून येईपर्यंत टाऊन हॉलचा दरवाजा उघडा आहे. मुलांना तिथे नेण्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहायची?