अवशेष आणि स्तंभ : लखनौची दोन स्मारके

जेथे माणसांचा संहार झाला, त्या जागी पुढे काय उभारावे, हा प्रश्न वरवर वास्तुशिल्पाचा वाटतो. वस्तुतः तो सत्तेचा आणि स्मृतीचा प्रश्न आहे. पडलेले पुन्हा बांधावे, की पडले तसेच राखावे? आणि राखावयाचे, तर ते कोणाच्या मृतांसाठी? लखनौला गोमतीच्या काठी या प्रश्नाची दोन उत्तरे समोरासमोर उभी आहेत.

त्यांपैकी पहिले म्हणजे रेसिडेन्सी, लखनौकरांची ‘बेलीगारद’. इ. स. १८०० च्या सुमारास पूर्ण झालेले हे कंपनीच्या रेसिडेंटचे निवासस्थान. ३० जून १८५७ रोजी चिनहटला इंग्रजी फौजेचा पराभव झाला आणि लागलीच रेसिडेन्सीला वेढा पडला. आत बायकामुले व नोकरचाकर धरून सुमारे तीन हजार माणसे होती. चीफ कमिशनर हेन्री लॉरेन्स २ जुलै रोजी तोफगोळ्याने जखमी झाला आणि ४ जुलैला मरण पावला. २५ सप्टेंबरला हॅवलॉक आणि औट्रॅम लढत लढत आत शिरले, परंतु तेही आतच कोंडले गेले. अखेर नोव्हेंबरात कॉलिन कँबेलने सर्वांस बाहेर काढले. त्याच महिन्याच्या शेवटी तात्या टोपे यांनी कानपुरास जनरल विंडहॅमला धूळ चारली, हे मराठी श्रोत्यांना सांगावयास नकोच. लखनौ शहर मात्र मार्च १८५८ पर्यंत बेगम हजरत महल यांच्या हाती होते.

शहर पुन्हा जिंकल्यावर इंग्रजांनी रेसिडेन्सी बांधून काढली नाही. गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती तशाच ठेवून भोवती हिरवळ आणि थडगी राखली. सूर्यास्ताला निशाण उतरविण्याचा शिरस्ता येथे पाळला जात नसे. युनियन जॅक रात्रंदिवस फडकत असे. पण त्याच वेळी उरलेल्या लखनौचे काय झाले? रॉबर्ट नेपियर या इंजिनियरने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढण्याची योजना आखली. हेतू हा, की पुन्हा बंड झालेच, तर फौजेची वाट अडू नये. घरे, बाजार, मोहल्ले जमीनदोस्त झाले. १७८४ च्या दुष्काळात उपाशी रयतेला काम मिळावे म्हणून नबाब असफउद्दौला याने बांधावयास काढलेला प्रचंड इमामवाडा लष्कराच्या ताब्यात गेला. एका आवारातील प्रत्येक भगदाड जपले जात होते. त्याच्या बाहेर नांदती घरे पाडली जात होती.

मृतांच्या वाट्यासही हाच भेद आला. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सिकंदरबागेत सुमारे दोन हजार हिंदी शिपाई मारले गेले. तेथे पसरलेल्या हाडांचे छायाचित्र फेलिचे बिआतो याने १८५८ मध्ये घेतले. जेत्यांनी त्या मृतांसाठी दगड मात्र उभारला नाही. रेसिडेन्सीच्या रक्षणासाठीही शेकडो हिंदी शिपाई इंग्रजांच्या बाजूने लढले होते. त्यांच्यापैकी जे पडले, त्यांच्या नावाचा स्तंभ व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक याने १८७५ मध्ये उभारला. म्हणजे हिंदी माणसाला तेथे जागा मिळाली, ती निष्ठेच्या अटीवर.

ऑगस्ट १९४७ मध्ये ते निशाण कायमचे उतरले. आता या अवशेषांचे काय करावयाचे? कानपुरास बीबीघरच्या विहिरीवरील संगमरवरी देवदूत चर्चच्या आवारात हलविण्यात आला, बागेला नानारावांचे नाव मिळाले आणि तेथे तात्या टोपे यांचा पुतळा आला. लखनौने निराळा मार्ग धरला. अवशेषांस हात न लावता, उठावाच्या शताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये, रेसिडेन्सीसमोर नदीकाठी पांढऱ्या संगमरवराचे शहीद स्मारक उभारण्यात आले.

हा निर्णय केवळ उदारपणाचा नव्हे, शहाणपणाचाही होता. बेलीगारदच्या भिंतींवरील छिद्रे आत अडकलेल्यांच्या धैर्याची खूण म्हणून राखली गेली. पण ती पाडली कोणी? वेढा घालणाऱ्या शिपायांनी! ज्यांची नावे कोणत्याही शिळेवर कोरली गेली नाहीत, त्यांची हातची खूण शत्रूनेच नव्वद वर्षे जिवापाड जपली. त्या भिंती पाडल्या असत्या, तर आपण आपल्याच साक्षीदारांची तोंडे बंद केली असती. समोरचा संगमरवर आपण त्यांना काय मानतो ते सांगतो. त्यांनी काय केले, हे सांगण्यास मात्र ती फुटकी वीटच हवी.