देहाचे वजन आणि दुष्काळाचा वारसा

स्थूल माणूस दिसला की त्याचा जिभेवर ताबा नसावा, असे आपण सहज ठरवून मोकळे होतो. या निवाड्यामागे मोठी परंपरा आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिले यांनी प्रमुख पापांच्या यादीत खादाडपणाचा समावेश केला. खादाडपणा हा दोष खराच. परंतु देहाचे आकारमान हा त्याचा पुरावा मानावा काय?

१९६२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स नील यांनी असा विचार मांडला की, वारंवार उपासमार सोसलेल्या समाजांत चरबी साठविणारी जनुके टिकून राहिली असावीत. १९८६ साली डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींच्या अभ्यासात त्यांची अंगकाठी पालनकर्त्यांशी नव्हे, तर जन्मदात्यांशी जुळणारी आढळली. १९९२ साली हेल्स व बार्कर यांनी लक्ष गर्भाशयाकडे वळविले. उदरातच पोषण अपुरे पडलेले बालक काटकसरीची सवय घेऊन जन्मते, आणि पुढे सुबत्ता आली की तीच सवय त्याला बाधते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या विचाराची कसोटी आपल्या महाराष्ट्रातही लागली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. त्या मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो, तर बालकांचे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बालके ३.५ किलोंची होती. विशेष हे की, आपल्या बालकांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. २००४ साली डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. यडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच होते. पण यडकिन यांच्या अंगी चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के निघाली.

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावांना हा इतिहास परका नाही. १८९९-१९०० च्या छप्पन्याच्या दुष्काळात खानदेश होरपळला, आणि बालकांचे कुपोषण ही या जिल्ह्याची जुनी व्यथा आहे. अशा मुलुखातला मुलगा शहरात जातो, दिवसभर बसून काम करतो, तळलेले-गोड खातो आणि त्याचे पोट सुटते. त्याचा दोष सर्वस्वी त्याचाच, असे कसे म्हणावे?

मग संयमाला अर्थ उरत नाही काय? उलट तो अधिक वाढतो. वारसा देहाचा कल ठरवितो, शेवट नव्हे. ज्याच्या देहाला साठविण्याची सवय आहे, त्याने मोजके जेवणे व रोज चालणे अधिकच अगत्याचे. तथापि, हा संयम एकट्याने पाळून भागणार नाही. पुढच्या पिढीचा देह आजच्या गर्भवतीच्या ताटावर घडत असतो. घरची सून सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवते, ती रीत मोडणे हीदेखील एक शिस्तच आहे. आणि तिचा आरंभ घरातील पुरुषांनी करावयाचा आहे.