एका रेषेंतले दोन दिवे

मालवणचें बंदर आपणां करवीरकरांस परकें नाहीं. 1812 च्या तहानें इंग्रजांकडे जाईपर्यंत तें आणि समोरचा सिंधुदुर्ग करवीर राज्याचे होते. कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं 1664 सालीं किल्ल्यास आरंभ केला, तेव्हां त्या जागेचें निम्में बळ भोंवतालच्या खडकांत होतें. बंदराचें मुख या खडकांनीं जवळजवळ बुजलेलें आहे. वाट ठाऊक असलेल्या तांडेलानेंच गलबत आंत आणावें.

ही वाट ध्यानांत कशी ठेवावयाची? पाण्यावर तर खूण करतां येत नाहीं. म्हणून आपल्या किनाऱ्यावरचा नावाडी जमिनीवरच्या दोन खुणा धरतो. पुढें देवळाचें शिखर, मागें डोंगराचा सुळका, असें कांहीं. त्या एकापुढें एक आल्या कीं गलबत नेमक्या रेषेवर आहे. एका खुणेकडे कोणत्याही बाजूनें जातां येतें. दोन खुणा मात्र एकच रेषा ठरवितात. आम्हीं मास्तरांनीं हें फळ्यावर किती वेळां काढलें असेल!

रात्रींसाठीं खुणांच्या जागीं दिवे आले. इंग्लंडांत टाइन नदीच्या मुखाशीं नॉर्थ शील्ड्स येथें 1540 च्या सुमारास अशी जोडी उभी राहिली. आंत मेणबत्त्या जळत. पुढचा दिवा ठेंगणा, मागचा उंच. एकावर एक दिसले कीं वाट बरोबर. खालचा दिवा डावीकडे सरकलेला दिसला तर आपण उजवीकडे वाहवलों आहों. नाळ त्या खालच्या दिव्याकडे वळवावी. पुढें नदीचा तळ सरकला आणि जुनी जोडी जहाजांस धोक्यांत नेऊं लागेल अशी वेळ आली, म्हणून 1808 च्या सुमारास नवे दिवे बांधणें भाग पडलें. मालवणच्या खडकांस ही खोड नाहीं.

1765 सालीं इंग्रजांनीं सिंधुदुर्ग घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं, जिजाबाईसाहेबांच्या कारकीर्दींत, तो करवीरकडे परत आला. आमचीं इतिहासाचीं पुस्तकें अशा प्रसंगीं तोफा मोजतात, तांडेलाची दखल घेत नाहींत, ही माझी जुनी तक्रार आहे. खडकांतली वाट शत्रूस कळली तर तटाचें निम्में काम संपलें. दिव्यांची जोडी म्हणजे तांडेलाचें हेंच गुपित सर्वांपुढें उघडें करणें. व्यापाऱ्यास तें हवें, किल्लेदारास नको. 1914 व 1939 च्या महायुद्धांत इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे कित्येक दिवे मुद्दाम विझविले किंवा मंद केले गेले, तें याच कारणानें.