पीतबिंदूतील छिद्र : असाध्य ठरविलेल्या एका व्याधीची कथा

दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यातील आतल्या पडद्याच्या, मध्यभागी पीतबिंदू नावाची एक लहानशी जागा आहे. पोथी वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी कामे तिच्यावर अवलंबून. तेथे पाव मिलिमीटरचे छिद्र पडले तरी भोवतालचे सगळे दिसते; नेमके ज्याकडे पाहावे तेच हरवते.

१८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याचा तळ पाहण्याचे साधन सिद्ध केले. १८६९ मध्ये हेर्मान क्नाप यांनी डोळ्याला मार बसलेल्या रुग्णात असे छिद्र नोंदविले आणि हा आघाताचाच परिणाम, असा समज झाला. पुढे ध्यानात आले की बहुतेक रुग्णांना मार लागलेलाच नसतो. ते साठीच्या पुढचे असतात, त्यांत स्त्रिया अधिक. मग तेथील पेशी झिजून नष्ट होत असाव्यात, असा तर्क रूढ झाला. हा तर्क निरुपद्रवी नव्हता. जे नष्टच झाले ते परत कोठून आणणार? 'उपाय नाही' हे उत्तर अनेक पिढ्यांतील रुग्णांनी ऐकले.

वास्तविक साधन हाताशी आले होते. १९७० च्या सुमारास मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या पोकळीतील काचाभ द्रव सूक्ष्म उपकरणाने काढण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली. मात्र ती येथे का करावी, हे सांगणारी कल्पना हवी होती. मायामीतल्याच डोनाल्ड गॅस यांनी १९८८ साली ती मांडली : काचाभ द्रवाचा पडद्याला चिकटलेला थर पीतबिंदूला ताणतो, आणि त्या ताणाने छिद्र पडते. ताणाची दिशा त्यांना पुरती गवसली नव्हती, हे पुढे ओसीटी यंत्राने पडद्याचा छेद पाहता आल्यावर कळले. माझ्या मते त्याने त्यांचे श्रेय उणावत नाही.

१९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील नील केली व रॉबर्ट वेंडेल यांनी ५२ डोळ्यांवरील शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो थर काढायचा, डोळ्यात वायू भरायचा आणि रुग्णाला निदान आठवडाभर अधोमुख ठेवायचे. बुडबुडा नेहमी वर चढतो. मान खाली घातली की डोळ्याचा तळच वर येतो, आणि बुडबुडा छिद्रावर टेकून राहतो. ३० डोळ्यांतील छिद्रे मिटली. त्यांतील २२ डोळ्यांना तक्त्यावरच्या दोन वा अधिक ओळी जास्त वाचता येऊ लागल्या. पेशी सर्वस्वी नष्ट झाल्या असत्या तर हे घडते ना. त्या बव्हंशी बाजूला सरकलेल्या असतात, हे मत गॅस यांनी १९९५ मध्ये मांडले.

आज २५० मायक्रॉनपर्यंतचे छिद्र लहान गणतात. थर आपोआप सुटला तर त्यांतील काही आपणहून भरून येतात. उरलेल्यांपैकी १०० त ९० हून अधिक शस्त्रक्रियेने मिटतात. छिद्र मोठे व जुने झाले की यश घटते. म्हणून सभागृहातील वडीलधाऱ्यांना विनंती, की अधूनमधून एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहावी. ती मध्येच वाकलेली दिसली, तर वयाला दोष देत घरी बसू नये.