'ससंक' : चंद्राच्या एका नावाचा अर्थ

आकाशातील एकाच गोलाला अनेक नावे का असावीत, हा प्रश्न पालीच्या अभ्यासकापुढे वारंवार येतो. 12व्या शतकात श्रीलंकेत मोग्गल्लान थेरांनी 'अमरकोशा'च्या धर्तीवर 'अभिधानप्पदीपिका' हा पाली कोश रचला. त्यात चंद्राचे पर्याय एकत्र दिले आहेत. त्यांतील 'निसाकर' वेळ सांगतो, 'सीतरंसि' किरणांची शीतलता सांगतो, 'उळुराजा' ताऱ्यांमधील श्रेष्ठत्व सांगतो, तर 'ससंक' चंद्रबिंबावरील डागाकडे लक्ष वेधतो. वस्तू एक, पाहण्याच्या दिशा मात्र भिन्न.

'ससंक' म्हणजे ससा ही ज्याची खूण आहे तो. चंद्रावर ससा आहे, ही समजूत 'शतपथ ब्राह्मणा'तही आढळते. ती केवळ बौद्धांची नव्हे. परंतु 'ससजातका'ने तिला नवा अर्थ दिला. याचकाला देण्यास गवताखेरीज काहीच नसलेला बोधिसत्त्व ससा स्वतःचा देह अग्नीत झोकून देतो. अग्नी त्याला जाळीत नाही. ते दान कल्पभर स्मरणात राहावे म्हणून सक्क चंद्रावर सशाचे चित्र रेखाटतो. अशा रीतीने चंद्रावरील डाग दानपारमीचे स्मारक झाला.

म्हणूनच भाषांतरात या सर्व नावांसाठी सरसकट 'चंद्र' लिहिणे आम्हांस उचित वाटत नाही. अर्थात, प्रत्येक ठिकाणी कथा अभिप्रेत असतेच असे नाही. पद्यात कित्येकदा छंदाच्या सोयीनेही नाव निवडले जाते. तो विवेक अनुवादकाने करावयाचा आहे. मराठीत मुलांची नावे आजही 'शशांक' ठेवली जातात. त्या शब्दातील ससा वाचकाच्या दृष्टीआड होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.